तळहातातील मेदोज ग्रंथी : निदान व चिकित्सामर्यादा

पाठ, खांदा, मांडी येथील मेदोज ग्रंथी आपणा सर्वांच्या नित्य परिचयाची आहे. तळहातात मात्र ती विरळा आढळते आणि म्हणूनच निदानात चुकते. तेथील त्वचा जाड असते व तिच्याखाली कलेचा घट्ट पडदा असतो. त्यामुळे ग्रंथी वर न येता खोलवर पसरते. बोटाखाली सरकणारा मऊ स्पर्श मिळेलच असे नाही.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात मेदोज ग्रंथी स्निग्ध, मोठी, कंडूयुक्त, अल्पवेदनायुक्त आणि शरीराच्या वृद्धिक्षयाबरोबर वाढणारी-घटणारी अशी वर्णिली आहे. यातील ‘अल्पवेदना’ या लक्षणावर निर्धास्त राहण्याची चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडली आहे. शिवणकाम करणारी, पन्नाशीकडे झुकलेली एक रुग्णा तळहाताच्या मध्यभागी सूज घेऊन आली. वेदना नव्हती. रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत. त्या वातप्रकोपाच्या मानून कांचनार गुग्गुळ व लेप यांवर चार महिने घालवले. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट झाला होता. एमआरआयमध्ये खोलवरील लाइपोमाने मिडियन नर्व्ह दाबल्याचे दिसले. शस्त्रकर्मानंतर मुंग्या गेल्या. चिमटीचे बळ पूर्ण परतले नाही.

तस्मात् तळहातातील प्रत्येक गाठीत बोटांची संवेदना व अंगठ्याचे बळ प्रथम तपासावे. करंगळी बधिर असल्यास अल्नर नर्व्हवरील दाबाचा विचार करावा. गँग्लियनमधून विजेरीचा प्रकाश आरपार दिसतो. बोटाच्या कंडरेलगतची टणक गाठ बहुधा वेगळ्या जातीची असते. जन्मापासून बोट मोठे असून सोबत गाठ असेल, तर मेद नर्व्हच्या तंतूंतच मिसळलेला असू शकतो. तेथे छेदनाने नर्व्हच दुखावते. आरंभी सोनोग्राफी करावी, गाठ खोल असल्यास एमआरआय. ५ सेंमीहून मोठी, खोल वा झपाट्याने वाढणारी गाठ दुष्ट अर्बुदाच्या शंकेस पात्र होय.

चिकित्सास्थानाच्या १८ व्या अध्यायात तिलकल्काचा लेप देऊन तप्त लोहाने स्वेदन, तसेच छेदन करून मेद काढल्यावर दाह सांगितला आहे. तथापि तळहाताच्या मध्यात तलहृदय आणि अंगठा व तर्जनी यांमध्ये क्षिप्र ही मर्मे आहेत. तेथे चिकित्सालयात अग्निकर्म वा छेदन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत लाइपोमा-छेदन आहे, परंतु ते शल्यतंत्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी. आपण बीएएमएस पदवीधरांसाठी नव्हे. हे काम हाताच्या शल्यविशारदाचे. काढलेली गाठ ऊतकपरीक्षणास पाठवलीच पाहिजे.

शार्ङ्गधरोक्त कांचनार गुग्गुळाच्या अधिकारात ग्रंथी व अर्बुद आहेत, हे खरे. त्याने तयार लाइपोमा विरतो असे मी आता रुग्णास सांगत नाही. औषधालयचालकांनीही हाताच्या गाठीसाठी हा गुग्गुळ मागणाऱ्या ग्राहकास बोटांना मुंग्या येतात का, एवढे विचारावे. ‘होय’ असे उत्तर आल्यास डबी देण्याआधी वैद्याकडे पाठवावे.