बोटावरील चिमटा व प्रकाशाची पारख

१५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम चालली. घरोघर जाणाऱ्या पथकांच्या हातीं दोन लहान उपकरणें असत: एक कपाळासमोर धरावयाचें, दुसरें बोटास लावावयाचें. पहिलें ताप सांगे, दुसरें रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण. दोन्ही किरणांवरच चालतात. तथापि त्यांचे डोळे भिन्न आहेत. हा भेद आम्ही येथें विशद करूं इच्छितों.

बोटावरील ऑक्सिमीटरांत एका अंगास दोन दिवे असतात: तांबडा, सुमारें ६६० नॅनोमीटरचा, व अवरक्त, सुमारें ९४० नॅनोमीटरचा. त्यांचा प्रकाश टिपण्यास सिलिकॉनचा फोटोडायोड असतो. त्यांत दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्यावर विद्युत्क्षेत्र असतें. प्रकाशकण तेथें इलेक्ट्रॉन मोकळा करितो, क्षेत्र त्यास एकीकडे ओढून नेतें आणि प्रवाह उत्पन्न होतो. प्रकाश दुप्पट, तर प्रवाहही दुप्पट. प्राणवायुयुक्त रक्त तांबडा प्रकाश कमी व अवरक्त अधिक शोषितें. नाडीच्या ठोक्यागणिक होणारा बदल मोजून यंत्र प्रमाण काढितें. ही युक्ति जपानचे ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं मांडली.

मग स्वस्त एल्‌डीआर कां नको? त्यांतील कॅडमिअम सल्फाइडचा विद्युत्‌रोध प्रकाशानें घटतो खरा, पण मंद गतीनें; दिवे तर सेकंदास शेंकडों वेळां आळीपाळीनें लुकलुकतात. शिवाय अवरक्तास तो जवळजवळ आंधळा. फोटोट्रान्झिस्टर प्रवाह वाढवून देतो, परंतु तितका जलद व प्रमाणबद्ध नसतो. सौरघट हा फोटोडायोडाचा थोरला भाऊ: विस्तार मोठा, चपळाई कमी.

तापमापकांत मात्र थर्मोपाइल असतो. शरीराचे उष्णकिरण सुमारें १० मायक्रोमीटरचे, आणि सिलिकॉनास सुमारें १.१ मायक्रोमीटरच्या पलीकडचें दिसत नाहीं. आपल्या अकलोलीचें ऊन पाण्याचें कुंड अंधाऱ्या रात्रीं फोटोडायोडास काळेंच भासेल. थर्मोपाइल त्या किरणांनीं स्वतः तापून ऊब ओळखील.

एक इशारा अवश्य ध्यानीं ठेवावा. मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना २०२० सालीं आढळलें कीं, प्राणवायूची उणीव यंत्रास न कळण्याचें प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षां कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट होतें. प्रकाश त्वचेंतून गाळून येतो. डोळा कितीही तीक्ष्ण असो, त्याजपर्यंत पोंचेल तेवढेंच तो पाहणार. म्हणून घरांत कोणास धाप लागली असतां आकडा चांगला दिसला तरी स्वस्थ बसूं नये, वैद्याकडे न्यावें. यंत्राची मर्यादा जाणणें हेंही विज्ञानच होय.