स्तनाचा कर्करोग : न दुखणारी गाठ

"दुखत नाही ना, मग राहू दे," असे म्हणून आपल्याकडील कित्येक स्त्रिया छातीतील गाठ लपवितात. परंतु स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. त्यात संकोचाची भर पडते आणि रोग बळावल्यावरच दवाखाना गाठला जातो.

भारतीय स्त्रियांत आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. तो स्पर्शाने पसरत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली शहरातील झोपडपट्ट्यांत अभ्यास सुरू केला. त्यात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून रक्तमिश्रित स्राव किंवा काखेतील गाठ दिसताच डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ते ठरविणे डॉक्टरांचे काम आहे. लवकर निदान झाल्यास पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. शासकीय कार्यक्रमानुसार तिशीनंतर दर पाच वर्षांनी आरोग्यसेवकांकडून ही तपासणी करून घ्यावयाची असते.

विद्यार्थी मित्रांनो, ही माहिती आपल्या आई, मावशी, आत्यांना अवश्य वाचून दाखवा. रोग लपविण्यात अब्रू नाही. वेळीच तपासणी करण्यात शहाणपण आहे.