गच्चीवर बाग लावा, पण आधी स्लॅबला विचारा

नवतपा म्हणजे काय हे पुण्या-मुंबईकडच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. यवतमाळात होस्टेलच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला ते सांगायची गरज नाही. मेच्या शेवटी पारा ४४-४५ वर, डोक्यावर परीक्षा, आणि रात्री अकरा वाजता पंखा लावला तर अंगावर गरम वाफच येते. खालच्या मजल्यावरचे मित्र चादर घेऊन झोपतात अन् आपण ओला टॉवेल घेऊन.

रात्री एवढं का उकडतं? स्लॅब दिवसभर ऊन पितो. मे महिन्यात एका चौरस मीटर गच्चीवर दिवसाला साधारण सहा-सात युनिट विजेइतकी उष्णता पडते. काँक्रीट ती साठवतं आणि काही तासांनी खोलीत सोडतं. म्हणजे दुपारचं ऊन आपल्याला रात्री मिळतं, उधारीवर.

यावर आमच्या विंगमध्ये तोडगा निघाला की गच्चीवर बाग करायची. जवळच्या शेतातून ट्रॉलीभर काळी माती आणायची, सहा इंचांचा थर टाकायचा, त्यावर पालक-मेथी. सगळे खूश. सिव्हिलच्या एका पोरानं वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला नसता तर माती आलीही असती.

तो हिशोब असा. लोकांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरायला सांगितलाय, म्हणजे अंदाजे दीडशे किलो. वावर नसेल तर त्याच्या निम्माच. आता आपली काळी माती. कोरडी असताना ती हलकी वाटते, पण पाणी धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पुरती भिजली की घनमीटरला १८०० किलो धरावी. सहा इंच म्हणजे ०.१५ मीटर. गुणाकार केला की चौरस मीटरला २७० किलो! जुलैच्या झडीत तीन दिवस पाऊस लागला की जवळजवळ दुप्पट भार, आणि आपण त्याच्याखाली झोपलेलो. ड्रम अर्धा कापून त्यात नव्वद लिटर माती भरली तरी ओली झाल्यावर ती १६० किलो होते. म्हणजे अडीच माणसं दोन फुटांच्या जागेत कायमची उभी.

कोणी म्हणेल, स्लॅबला सुरक्षिततेचा गुणांक असतो की. असतो, पण तो आपल्या पालकासाठी ठेवलेला नाही.

छपरावर माती ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. वऱ्हाडातली धाब्याची घरं अन् मराठवाड्यातली माळवदं हेच करत होती. लाकडी खण, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, कारण तेवढ्या मातीतून उष्णता पोहोचेपर्यंत दिवस मावळतो. पण पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी वरून नवी माती पडायची, जुनी कोणी काढायचं नाही. थर फूट-दीड फूट, काही ठिकाणी त्याहूनही जास्त झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंतींसकट ही छपरं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. भूकंपात इमारतीवर येणारं बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतं, आणि डोक्यावरचं वस्तुमान सर्वांत वाईट. गारवा आणि धोका, दोन्ही त्याच मातीतून आले.

मग बाग नकोच का? तसं नाही. बागेचा गारवा फक्त मातीच्या जाडीतून येत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश युनिट. झाडांनी चौरस मीटरमागे दिवसाला चार लिटर पाणी उडवलं तर पावणेतीन युनिटच्या आसपास उष्णता खोलीत न येता वरच्या वर जाते. आपला कूलर आणि गच्चीवरचा दोडका एकाच तत्त्वावर चालतात, फक्त दोडक्याला मोटर लागत नाही. शिवाय पानांची सावली स्लॅबला मुळात तापूच देत नाही. याचा एक फायदा सहसा कोणी बोलत नाही. वीस मीटर लांबीचा स्लॅब पहाट ते दुपार तीस अंशांनी तापला तर सहा मिलिमीटर वाढू पाहतो. कठड्याजवळ बारीक भेगा पडतात त्याला हे रोजचं ताणणं-आक्रसणंही कारणीभूत आहे. सावलीत ते कमी होतं.

म्हणून आमचं मत असं झालं की माती कमी आणि सावली जास्त. बीम जिथून जातात तिथं, कठड्याच्या कडेनं, मोजक्या पिशव्या ठेवायच्या. त्यात दोडकी, कारली, वाल असे वेल लावायचे आणि ते तारेच्या हलक्या मांडवावर स्लॅबभर पसरू द्यायचे. वजन कडेला, सावली मध्ये. पिशव्यांत निव्वळ काळी माती नाही. वाळका पालापाचोळा, सोयाबीनचं कुटार, बारीक केलेली पऱ्हाटी आणि मेसच्या भाजीच्या देठांचं खत, वर मूठभर माती. असं मिश्रण भिजल्यावरही मातीच्या निम्म्याच्या आसपास भरतं. हे कागदावरचं नाही. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यावर गच्चीत भाज्या आणि फळझाडं वाढवली. आपल्या मेसचा कचरा त्यापेक्षा वेगळा नाही, थोडा जास्तच असेल.

मांडव मात्र पक्का बांधा. वळवाच्या वादळात तो पतंगासारखा उचलला जातो. आणि बांधण्यासाठी स्लॅबला ड्रिल मारू नका. एका ओळखीच्या घरी हौशीनं चार खिळे ठोकले आणि पुढचे दोन पावसाळे हॉलमध्ये बादली ठेवली. पिशव्या थेट कोब्यावर न ठेवता विटांवर ठेवल्या की खालून पाणी वाहून जातं अन् ओल दिसते. पन्हाळाचं तोंड दर आठवड्याला साफ करणं हे काम कोणालाच आवडत नाही, पण पानांनी ते तुंबलं तर गच्चीचा तलाव होतो. दहा सेंटिमीटर पाणी साचलं की चौरस मीटरला शंभर किलो झाले.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि यवतमाळात तो आधी यायला हवा होता. २०१८ च्या टंचाईत निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. अशा गावात पिण्याचं पाणी वेलांना घालणं पटत नाही. वीस चौरस मीटर सावलीला दिवसाला ऐंशी लिटर लागतात. एवढं तर आरओ मशीनच्या फेकलेल्या पाण्यातून आणि भाजी धुतल्याच्या पाण्यातून निघू शकतं. आरओचं फेकलेलं पाणी क्षारांचं असतं, म्हणून ते एकटं घालू नये, भाजीच्या पाण्यात मिसळून घालावं. साबणाचं पाणी नको.

बिया फेब्रुवारीतच पेरायला हव्यात, नाहीतर वेल मांडवावर चढेपर्यंत नवतपा निघून जातो आणि आपण परीक्षा देऊन घरी. सध्या आमचं काम बीम शोधण्यावर अडलंय. होस्टेलचं ड्रॉइंग ऑफिसात सापडत नाहीये, म्हणून वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत टेप घेऊन फिरतोय. कोणी दार वाजवून छताकडे बघू लागलं तर घाबरू नका, आम्हीच आहोत.