चोवीस ग्रॅम साखरेची करामत



साखर म्हणजे पोत्यात भरून विकायची वस्तू, एवढेच आपण धरून चालतो. तीच साखर दुसऱ्याच्या धंद्यात काय काम करते, ते पाहावे म्हणून या अंकात जर्मनीतील फेसाळ वाइनची माहिती देत आहोत. मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. शेतमालावरची प्रक्रिया कोणाच्या हातात असावी, हा आमचा मुद्दा आहे.

जर्मनी हा थंड मुलूख. ऱ्हाइन व मोझेल नद्यांच्या उतारांवर द्राक्षबागा आहेत, पण ऊन बेताचेच. द्राक्षात साखर सावकाश भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. तिथला मुख्य माल साधी, बिनफेसाची वाइन. रीसलिंग ही तिची प्रमुख जात. साध्या वाइनला फार आंबट द्राक्ष चालत नाही. फेसाळ वाइनला मात्र तोच आंबटपणा हवा, म्हणून तिच्यासाठी तोडणी मुद्दाम लवकर करतात. कोवळा ऊस तोडला तर आपला उतारा पडतो; इथे हिशेब उलटा!

कृती थोडक्यात अशी :

१) प्रथम साधी वाइन तयार करतात.

२) तिच्यात लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर व यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खाते आणि वायू सोडते. मोलॅसिस आंबवताना उडून जातो तोच हा वायू, पण इथे तो कोंडून राहतो. दाब ६ बारपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या जवळजवळ तिप्पट. त्यासाठी बाटली जाड काचेची लागते.

३) बाटल्या कित्येक महिने आडव्या ठेवतात.

४) मग त्या हळूहळू उलट्या करून साका तोंडाशी आणतात. तोंड गोठवून झाकण काढले की साका आपोआप बाहेर उडतो. शेवटी चवीपुरती साखर घालून पक्के बूच बसवतात.

फ्रान्समधील रेम्स येथे ही विद्या शिकलेल्या केसलर यांनी १८२६ मध्ये एसलिंगन गावी कारखाना काढला. या मालाला तिकडे ‘झेक्ट’ म्हणतात. १९०२ मध्ये कैसरच्या आरमारासाठी त्यावर कर बसला. आरमार गेले, कैसर गेला. कर मात्र आजही आहे. पाऊण लिटरच्या बाटलीला १ युरो २ सेंट!

आता खरी गोम. मोठे कारखाने इटली, स्पेनकडची स्वस्त वाइन आणून टाक्यांत फेसाळ करतात. नुसते ‘झेक्ट’ लिहिलेल्या बाटलीत जर्मन द्राक्ष असेलच असे नाही. म्हणून बागायतदारांनी ‘विन्झरझेक्ट’, म्हणजे बागायतदाराचा झेक्ट, ही वेगळी ओळख उभी केली. द्राक्षे स्वतःची किंवा आपल्या संघाच्या सभासदांचीच, फेस बाटलीतच, आणि माल किमान ९ महिने साक्यावर. ज्याला यंत्रे परवडत नाहीत तो आपली वाइन मजुरीवर फेसाळ करून आणतो, पण विकतो स्वतःच्या नावाने.

यात कष्ट आहेत. ९ महिने पैसा अडकतो. गोदामातल्या साखरेवर व्याज कसे चढते, हे आपणांस सांगायला नको. तरीही ते थांबतात, कारण माल कच्चा विकला तर भाव दुसरा ठरवतो.

आपल्या १९०४ च्या सहकारी कायद्यापुढे जर्मनीतील रायफायझन यांच्या पतपेढ्यांचाच आदर्श होता. तेव्हा हे लोक आपल्याला परके नाहीत. आपल्या उसातून निघणारे काय काय आपण अजून कच्चेच विकतो, याचा विचार प्रत्येक सभासदाने करावा व वार्षिक सभेत जरूर बोलावे.