विजा कडाडतात तेव्हा : लहानग्यांची भीती आणि आपली जबाबदारी



मेच्या अखेरीस पावसाची चाहूल लागते तेव्हा आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात आपल्या वसईच्या आकाशात ढगांचा मोठा गडगडाट होतो. मोठी माणसे फार तर खिडक्या लावून घेतात. लहान मुले मात्र कानांवर हात ठेवून आईच्या कुशीत शिरतात. अशाच एका रात्रीनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिलीतल्या एका मुलीने आम्हांला हळूच विचारले, "टीचर, काल देव माझ्यावर रागावला होता का? मी मम्मीशी खोटं बोलले होते." तो प्रश्न ऐकून आम्ही शिक्षक अंतर्मुख झालो. हा विचार त्या चिमुकलीच्या मनात कोणी घातला असेल? कदाचित आपणच. "मस्ती करू नको, बघ देव ओरडतोय," असे आपण किती सहज बोलून जातो!

दोन ते सहा-सात वर्षांच्या मुलाला मोठ्या आवाजाची भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. या वयात कल्पना आणि वास्तव यांतील सीमा पुसट असते. त्यात वीज गेली, काळोख झाला की भीती दुप्पट होते. अशा वेळी "एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?" असे हिणवल्याने भीती जात नाही. मूल ती फक्त लपवायला शिकते.

शुभवर्तमान काय शिकवते?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात (४:३५-४१) वादळाचा प्रसंग आहे. शिष्यांपैकी काही जण त्याच सरोवरावर मासेमारी करणारे, लाटा-वाऱ्याची सवय असलेले होते. तरीही ते घाबरले आणि उशीवर डोके ठेवून झोपलेल्या येशूला त्यांनी उठवले. मार्क सांगतो त्या क्रमाकडे लक्ष द्या. येशूने आधी वारा शांत केला आणि मग शिष्यांना त्यांच्या विश्वासाविषयी विचारले. आपणही हाच क्रम पाळू या. आधी मुलाला जवळ घ्यावे, शांत करावे, उपदेश नंतर.

राजांच्या पहिल्या ग्रंथातील (१९:११-१३) एलिया संदेष्ट्याचा अनुभवही बोलका आहे. सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नी या तिन्हींमध्ये परमेश्वर नव्हता. त्यानंतर आलेल्या मंद, शांत स्वरात एलियाला त्याची भेट झाली. तेव्हा गडगडाट म्हणजे देवाचा राग, असे मुलांना कधीही सांगू नये. धाकाने शिकवलेला देव मोठेपणी प्रेमाचा पिता वाटणे कठीण जाते.

घरी काय करावे?

१. खरे कारण सोप्या शब्दांत सांगा. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा क्षणात अतिशय तापते आणि एकदम फैलावते. तोच तो धडाम आवाज. आवाज स्वतः कोणालाही इजा करत नाही.

२. मुलाबरोबर अंक मोजा. प्रकाश लगेच दिसतो, पण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की वीज किती किलोमीटर दूर आहे ते कळते. नऊ सेकंद लागले तर वीज तीन किलोमीटरवर. मोजण्यात गुंतलेले मूल घाबरायचे विसरते.

३. टॉर्च आणि मेणबत्ती ठरलेल्या जागी ठेवा. टॉर्च लावायचे काम मुलाकडे द्या. पोलंडमधील कॅथलिक कुटुंबांत २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला आशीर्वादित केलेली मेणबत्ती वादळात खिडकीशी लावण्याची प्रथा आहे. तिचे नावच मेघगर्जनेवरून पडले आहे. आपणही मेणबत्तीच्या उजेडात सर्वांनी मिळून एक 'नमो मारिया' म्हणावी.

४. खोटे आश्वासन देऊ नका. विजेचा धोका खरा आहे. २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८०० हून अधिक माणसे दगावली. म्हणून "काही होत नाही" असे न म्हणता "आपण घरात आहोत, दारे-खिडक्या बंद आहेत, मी तुझ्याजवळ आहे आणि देव आपल्याबरोबर आहे," असे सांगावे.

५. काळजी कशी घ्यायची तेही शिकवा. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून पक्क्या घरात यायचे. झाडाखाली, वाडीत, तळ्याकाठी थांबायचे नाही. नळाच्या पाण्यात हात घालायचा नाही, चार्जिंगला लावलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जायचे नाही. काय करायचे हे ज्याला माहीत असते, त्याची भीती आपोआप कमी होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण स्वतः शांत राहावे. मूल आधी आकाशाकडे नव्हे, आपल्या चेहऱ्याकडे पाहते.

निरभ्र दिवशीही मूल ढगांच्या भीतीने शाळेत जायला नकार देत असेल किंवा महिनोन्महिने झोप लागत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

त्या मुलीला आम्ही सांगितले, "देव रागावला नव्हता, बाळा. तू घाबरली होतीस तेव्हा तो तुझ्याजवळच होता." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग मी मम्मीला खरं सांगू?" भीती गेली, तेव्हाच ती खरे बोलायला तयार झाली.

या आठवड्यात आपल्या लहानग्यांबरोबर ही छोटी प्रार्थना म्हणू या : हे प्रभू येशू, तू वादळात शिष्यांच्या नावेत होतास. आज आमच्याही घरात राहा. जे उघड्यावर आहेत, समुद्रावर आहेत, त्यांना सुखरूप घरी आण. आमेन.