सबवूफरचे खोके : आधी माप, मग खरेदी

ढोलाचा खोल खर्ज स्पष्ट ऐकू यावा म्हणून जो निराळा मोठा कर्णा बसवितात, त्यास सबवूफर म्हणतात. त्याचा पडदा पुढे सरकला की मागील हवा विरळ होते. पुढची व मागची लहर एकत्र मिसळल्यास खर्ज नाहीसा होतो. या लहरी वेगळ्या ठेवण्याकरिता हवाबंद व न थरथरणारे खोके लागते.

प्रथम कर्णाच आणावा. लॅमिंग्टन रोडवर तो मिळतो. निर्मात्याने सांगितलेले घनफळ व भोकाचा व्यास पाहून मगच फळीस हात घालावा. समजा, घनफळ 43 लिटर हवे. तर आतील प्रत्येक बाजू 35 सेंटिमीटर धरावी. हेच माप बाहेरून धरिले, तर 18 मिलिमीटर जाडीच्या फळीमुळे आत 31.4 सेंटिमीटर उरतात, आणि घनफळ 31 लिटरांवर येते. जवळजवळ 12 लिटर हवा फळीनेच खाल्ली! खुद्द कर्णा व आतील आधारपट्ट्या यांची जागा आणखी निराळी धरावयाची.

ट्रॉम्बे येथील खाडीची हवा दमट. म्हणून दाबलेल्या भुशाच्या फळीपेक्षा प्लायवुड आम्हांस अधिक पसंत आहे. 8 फूट लांब व 4 फूट रुंद तक्ता सुमारे 35 किलो भरतो. तो लोकलमधून आणण्याचे धाडस न करिता दुकानातच तुकडे कापून घ्यावे.

गुण्या, ड्रिल, स्क्रू, सरस व चार शिकंजे एवढे घरी पुरे. एका गोल भोकासाठी जिगसॉ विकत घेणे म्हणजे उधळपट्टी. शेजारच्या सुतारास वडिलांनी विनंती करावी. शेवटी सांध्यांत सिलिकोन भरून एक दिवस सुकू द्यावे, व नंतरच कर्णा बसवावा.