नेपियन सी रोडचा नेपियन आणि दोन अमेरिकन मिशनरी

प्रश्न : लेकीकडे मुंबईला जाणं होतं तेव्हा नेपियन सी रोडवरून जातो. मागच्या खेपेला गाडीत एक गृहस्थ म्हणाले, हा नेपियन मुंबईचा गव्हर्नर, स्वतः कट्टर ख्रिस्ती. त्यानंच मिशनऱ्यांना आपल्याकडे थारा दिला. पण कंपनी सरकार मिशनऱ्यांना येऊच देत नव्हतं, असं आम्ही शाळेत शिकलो. मग खरं काय समजायचं?
– एक वाचक, राजापेठ, अमरावती

उत्तर : तुमचे गुरुजीही बरोबर आणि गाडीतले गृहस्थही बरेचसे बरोबर. या दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या त्या 1813 साली, मुंबईत.

सर इव्हान नेपियन हा मुळात राजकारणी आणि कारभारी माणूस. इंग्लंडच्या गृहखात्यात असताना 1787 मध्ये ऑस्ट्रेलियाला कैद्यांची पहिली जहाजं रवाना करण्याची बरीच तयारी त्यानं केली. सिडनीजवळच्या नदीला त्याचंच नाव आहे. पुढे तो आरमारखात्याचा सचिव झाला, पार्लमेंटचा सभासद झाला आणि 1812 मध्ये मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. धर्मानं तो त्या काळी इंग्लंडात जोर धरलेल्या इव्हँजेलिकल विचाराचा. बायबल हाच शेवटचा शब्द, आणि शुभवर्तमान दुसऱ्यापर्यंत पोचवणं हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य, अशी या मंडळींची श्रद्धा. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा विल्बरफोर्स याच विचाराचा.

कंपनीला मात्र मिशनरी नको होते. तिला हिंदू-मुसलमानांच्या धर्माबद्दल फार आदर होता, असं समजू नका. 1806 मध्ये वेल्लोरला शिपायांनी बंड केलं होतं. गंध लावू नका, दाढी राखू नका, नवी पगडी घाला, अशा हुकमांनी शिपाई बिथरले होते. धर्माला हात लागला तर राज्य जाईल आणि व्यापार बुडेल, ही भीती मिशनऱ्यांना नकार देण्यामागे होती.

अशा वेळी फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मिशनरी मुंबई बंदरात उतरले. कलकत्त्याच्या कंपनी सरकारनं त्यांना आधीच देश सोडायला सांगितलं होतं. त्यात 1812 पासून इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं, म्हणजे हे शत्रुराष्ट्राचे नागरिक. यांना इंग्लंडला पाठवून द्या, असा कलकत्त्याचा हुकूम नेपियनच्या टेबलावर येऊन पडला.

त्यानं हुकूम धुडकावला नाही, पण घाईनं बजावलाही नाही. अर्ज घेतले, पत्रव्यवहार चालू ठेवला, दिवस काढले. मधे हे दोघे गुपचूप गलबतानं कोचीनकडे निघून गेले. त्यांना परत आणलं गेलं आणि गव्हर्नरची मोठीच पंचाईत झाली. डिसेंबरमध्ये त्यांना जहाजावर चढवायचं ठरलं, तेव्हा हॉलनं एक शेवटचा अर्ज लिहिला. त्यात कायद्याचा मुद्दा थोडा आणि नेपियनच्या ख्रिस्ती अंतःकरणाला घातलेली हाक जास्त होती : प्रभूची आज्ञा पाळायला आलेल्यांना हाकलून देणं तुम्हाला त्या प्रभूपुढे शोभेल का? नेपियननं रवानगी थांबवली आणि मंडळी मुंबईत राहिली.

त्याच वर्षी लंडनला पार्लमेंटमध्ये कंपनीच्या सनदेचा वाद चालला होता. विल्बरफोर्सच्या बाजूनं देशभरातून आठशेच्या वर अर्ज आले आणि 1813 च्या सनदेत मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली. थोडक्यात, मुंबईत एका गव्हर्नरनं जे दबकत केलं, त्याला पुढे कायद्याचा आधार मिळाला.

यात मला नेपियनचं कौतुकही वाटतं आणि त्याची वागणूक खटकतेही. निरुपद्रवी माणसांना युद्धाच्या धामधुमीत समुद्रावर लोटलं नाही, ही माणुसकी. पण हॉलची हाक त्याच्या काळजाला भिडली ती धर्म एक होता म्हणून. राज्यकर्त्याची श्रद्धा त्याच्या घरची. कचेरीत बसल्यावर त्याचं दार सगळ्यांना सारखंच उघडलं पाहिजे. ज्यांच्यावर राज्य करायचं त्या प्रजेला याबद्दल काय वाटेल, हे त्या पत्रव्यवहारात कोणी विचारलंच नाही. 1819 मध्ये त्याच्या जागी आलेला माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन उलट स्वभावाचा. पेशवाई नुकती बुडालेली, पुणं अजून धुमसतंय, हे ओळखून त्यानं स्कॉटिश मिशनऱ्यांना पुण्यात बसू दिलं नाही; त्यांनी 1823 मध्ये कोकणात बाणकोटला ठाणं केलं. राज्यकर्ता म्हणून मला एल्फिन्स्टन जास्त पटतो.

मात्र हॉल आणि नॉट यांच्या राहण्यानं मराठीचं जे झालं, तेही सांगायला हवं. नॉट प्रकृतीमुळे लवकरच परतले. हॉल मराठी शिकले, त्यांच्या मिशननं मुंबईत शाळा काढल्या, छापखाना घातला. मराठी अक्षरांचे चांगले खिळे पाडण्याचं काम या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये झालं. मराठी मुद्रक गणपत कृष्णाजी तिथंच छपाई शिकले. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजीही लहानपणी तिथंच कामाला होते. ज्या निर्णयसागरनं संस्कृत ग्रंथ घरोघरी पोचवले, त्याच्या मालकाची उमेदवारी मिशनच्या छापखान्यात झाली. 1842 मध्ये याच मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक अहमदनगरला निघालं.

आपल्या वऱ्हाडात ही मंडळी आली नाहीत. 1813 मध्ये वऱ्हाड निजामाकडे होता, इंग्रजांकडे तो 1853 मध्ये आला. अकोला, अमरावती, खामगाव इथं नाव झालं ते बऱ्याच पुढे आलेल्या अलायन्स मिशनचं. तेही अमेरिकन, पण ही संस्था वेगळी.

गॉर्डन हॉल 20 मार्च 1826 रोजी नाशिककडच्या दौऱ्यात, एका खेड्यात पटकीनं गेले. मिशनचा मराठी ‘नवा करार’ त्याच वर्षी छापून झाला. तुमच्या ओळखीत कुणा जुन्या ख्रिस्ती घरी एकोणिसाव्या शतकातलं मराठी बायबल असेल, तर त्यांना एवढं सांगा : ते रद्दीत जाऊ देऊ नका, कोरड्या जागी ठेवा आणि पहिल्या पानावरचं साल व छापखान्याचं नाव आम्हाला कळवा.